निळ्या टोपीखालची पांढरी

सकाळचा सातचा भोंगा व्हायला पाच मिनिटं असताना सोमाने गेटवर काठी आडवी धरली आणि कारभारीला सायकलवरून उतरवलं.

“टोपी काढ.”

कारभारीचा हात डोक्याकडे गेला आणि टोपीला न लागताच खाली आला. टोपी पांढरी, कडक इस्त्रीची होती. तिच्याखाली डोकं तुळतुळीत होतं.

“काढता येत नाय. म्हातारा गेला माझा. तुला ठाऊक हाय.”

“ठाऊक हाय. तेराव्याला जेवलो बी तुझ्याकडं. पण नोटीस तुझ्या बापाच्या आधी लागली.”

हे खरं होतं. सातपूरच्या या कारखान्यात खोकल्याचं औषध बाटल्यांत भरलं जाई. तिथे महिन्याभरापूर्वी रविराज शिरोळे नावाचे नवे मॅनेजर आले होते. करडा गणवेश, कंपनीची निळी टोपी आणि अंगावर दुसरं काहीही नको, अशी नोटीस त्यांनी पहिल्याच आठवड्यात लावली. गंडे, दोरे, ताईत, तुळशीच्या माळा लॉकरमध्ये गेल्या. मंगळसूत्रं तेवढी राहिली, कारण त्याबद्दल कार्मिक विभागाच्या ज्योत्स्ना मॅडम दार बंद करून साहेबांशी बोलल्या होत्या.

कारभारी लेबल लावायच्या मशीनवर होता. मूळ नांदगावकडचा. त्याच्या भावकीत बाप गेला की तेराव्याला मामा थोरल्या मुलाच्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवतो. वर्षश्राद्धाला मामाच ती उतरवतो. तोवर घराबाहेर बोडक्याने हिंडायचं नाही. हिंडला, तर बापाची जागा त्याने घेतली नाही असं धरतात. भावकीतले दोघं याच कारखान्यात पॅकिंगला होते. कारभारीने टोपी काढल्याची बातमी संध्याकाळच्या गाडीने नांदगावला पोचली असती, आणि ती त्याच्या आईला, धोंडाबाईला, चार बायांसमोर ऐकावी लागली असती.

प्रकरण शिरोळेसाहेबांच्या केबिनमध्ये गेलं. ज्योत्स्ना मॅडम नोटीस घेऊन आल्या.

“कारभारी, मला वाईट वाटतं,” साहेब म्हणाले. “पण आज तुला टोपी चालवली, तर उद्या कुणी फेटा बांधून येईल.”

“फेटा लग्नाला बांधतात, साहेब.”

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं.

“सर, नोटिशीत निळी टोपी घालावी असं आहे,” मॅडम म्हणाल्या. “तिच्याखाली काय असावं, ते नाही.”

“खाली डोकं असावं.”

“ते आहे त्याचं.”

असा मार्ग निघाला. कारभारीने पांढऱ्या टोपीवर निळी टोपी चढवली. पांढरीची टोकं पुढून-मागून बाहेर आली. निळी मधोमध बसली, ती होडीवर ताडपत्री टाकल्यासारखी दिसत होती. शेडमध्ये चार दिवस दुसरा विषय नव्हता.

“कारभारी, वरच्या मजल्यावर कोण राहतं?”

“कंपनी.”

“आणि खाली?”

“घरमालक.”

सावळीराम, म्हणजे कारभारीचा बाप, बोलता बोलता दोन बोटांनी टोपीची कड कपाळावरून मागे सरकवायचा. मशीन अडकलं की कारभारीही आता तसंच करू लागला. हे त्याच्या लक्षात आलं नाही. भावकीतल्या दोघांच्या आलं.

दिवाळीनंतर मुंबईहून तपासणी आली. ज्या कंपनीचं औषध इथे भरलं जाई, तिला एका बाटलीत केस सापडला होता. मोहिनी कर्णिक नावाच्या बाई हातात टॉर्च घेऊन सगळ्या शेडमधून हिंडल्या. प्रत्येकाचे कान आणि मान बघत त्या लेबलच्या मशीनपाशी येऊन थांबल्या.

“हे काय आहे?”

मागून येणारे शिरोळेसाहेब घाईने पुढे झाले.

“आतली टोपी, मॅडम,” कारभारी म्हणाला.

“घाम टिपायला?”

कारभारीने विचार केला. “टिपते.”

“म्हणजे केसही आत राहतात. दुहेरी.” बाईंनी त्याच्या डोक्याला फेरी घातली. “उत्तम कल्पना. कुणाची?”

“एका मशीनवर ट्रायल घेतोय आम्ही,” शिरोळेसाहेब म्हणाले.

पंधरवड्यात सगळ्या कारखान्याला आतली टोपी लागू झाली. शिंपी माप घ्यायला आला, पण नमुन्यापुरतीही टोपी उतरवायला कारभारी तयार होईना. शिंप्याने स्टुलावर उभं राहून त्याच्या डोक्यावरच टेप फिरवला. दोन्ही टोप्या मावाव्यात म्हणून निळ्या टोप्याही एक माप मोठ्या शिवून आल्या.

बायांच्या बाजूला अडचण झाली. उज्वला नावाची पॅकिंगवाली टोपी हातात घेऊन ज्योत्स्ना मॅडमपुढे उभी राहिली.

“मॅडम, माझा बाप त्र्यंबकला धडधाकट हाय. देवळाबाहेर फुलं विकतो. मी नाय घालायची.”

बायांना पांढरा स्कार्फ मिळाला. ज्या पुरुषांचे बाप हयात होते, ते घरी जाताना टोपी डब्याच्या पिशवीत लपवू लागले. घरी टोपीचं कुणी बोलत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत टपरीवर सगळे एकदम गेले, की टपरीवाला आवाज खाली घेऊन विचारायचा, कोण गेलं.

आतल्या टोपीची नोटीस मॅडमनीच लिहिली होती. साहेबांनी पुन्हा पळवाट नको असं बजावलं होतं. म्हणून गेटच्या आत दोन्ही टोप्या हव्यात, अपवाद कुणालाही नाही, असं तिच्यात स्पष्ट होतं.

वर्षश्राद्ध रविवारी झालं. मामांनी टोपी उतरवली, घडी घातली आणि कारभारीच्या डोक्यावर हात ठेवला. केस चांगले वाढले होते. निघताना धोंडाबाई एसटीपर्यंत आली.

“आता पांढरी घालू नको रे,” ती म्हणाली. “एकदा उतरवलेली पुन्हा घातली, की आई गेली म्हणतात. मी हाय अजून.”

सोमवारी सकाळी सोमाने काठी आडवी धरली. त्याच्या डोक्यावर दोन्ही टोप्या होत्या.

“आतली कुठं?”

“उतरवली. वर्ष झालं.”

“तुझं झालं. कंपनीचं चालू हाय.”

नेमकी त्याच दिवशी मुंबईची दुसरी तपासणी होती. शिरोळेसाहेब फुलांचा गुच्छ घेऊन गेटवरच उभे होते, शेजारी ज्योत्स्ना मॅडम. साहेबांनी कारभारीचं डोकं पाहिलं.

“अरे, त्या कर्णिक बाईंनी फोनवर तुझंच विचारलं. ट्रायलवाला माणूस कुठाय म्हणून. आणि तूच असा?”

“साहेब, आई हाय माझी.”

“असू दे ना. आईचा काय संबंध?”

ज्योत्स्ना मॅडमना संबंध कळला. त्यांनी फाटकावर डकवलेल्या नोटिशीकडे पाहिलं. पळवाट कुठेच नव्हती.

“सर, आजचा दिवस त्याला रजा देऊ.”

“आणि उद्या?”

साहेबांनी चौकीतल्या जादा टोप्यांच्या खोक्याकडे बोट केलं. सोमाने त्यातून एक कोरी पांढरी टोपी काढली आणि कारभारीपुढे धरली. कारभारीची दोन बोटं कपाळाकडे गेली. तिथे कड नव्हती. बोटं तशीच केसांतून मागे फिरली. त्याने टोपी घेतली नाही. खिशातली निळी काढून घातली, ती भुवयांपर्यंत खाली आली.

“हजेरी लागायची नाय,” सोमा म्हणाला.

“नको लागू दे.”

सोमाने हातातली टोपी उलटसुलट फिरवून पाहिली. मग त्याने ती खोक्यात टाकली. काठी भिंतीला टेकवली, स्वतःची निळी काढली, तिच्याखालची पांढरी ओढून काढली, तीही खोक्यात टाकली आणि निळी पुन्हा डोक्यावर घातली.

“हे काय?” साहेबांनी विचारलं.

“माझी बी आई हाय साहेब. पेठला असती.”

भोंगा झाला. रस्त्याच्या वळणावर मुंबईची पांढरी गाडी दिसली. ती गेटपाशी येऊन थांबली आणि तिने हॉर्न दिला. मग पुन्हा दिला. गेट उघडायचं काम सोमाचं होतं. त्याची निळी टोपी नाकापर्यंत उतरली होती आणि तो अंदाजाने कडी चाचपत होता.