सगळ्यांचा पासवर्ड

गोरखभाऊ माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उलट मदतीला इतका तत्पर, की भीतीच वाटावी. आमच्याकडे रीतच आहे. शेजाऱ्याच्या रानाच्या कडेनं चाललो आणि वाफा भरून वाहताना दिसला, तर चप्पल काढायची, वाफ्याचं मातीचं दारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं आणि आपल्या वाटेनं जायचं. कुणी विचारत नाही, कुणी आभार मानत नाही. रानात ही रीत सोन्यासारखी. कॉम्प्युटरवर मात्र तिनं घात केला.

मंचरजवळच्या शीतगृहात पठारावरच्या शेतकऱ्यांचा बेण्याचा, म्हणजे लागणीसाठी राखलेला बटाटा असतो. सहा खोल्या, आणि सहाही खोल्यांची थंडी सांभाळणारा एकच सर्व्हर. त्यावर वजनकाट्याचा माणूस काम करतो, आवक-जावक लिहिणारे करतात, रत्ना ऑपरेटर करते आणि गोदाम बघणारा गोरखभाऊही करतो. प्रत्येकाचं खातं वेगळं, पण मास्टर पासवर्ड एकच, आणि तो सगळ्यांना पाठ. तो ज्याच्या हाती, त्याला मशीन काहीही करू देतं. ‘थांब’ म्हणत नाही. पण मागितल्यावर नाही कसं म्हणायचं? भावकीतली माणसं! नाही म्हटलं, की पुढच्या लग्नात शेजारच्या पानावर कोण बसणार?

बंद पडलेली थंडी पुन्हा सुरू करणारी एक स्क्रिप्ट होती, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकमांची ओळीनं लिहिलेली फाइल. ती रोज पहाटे आपोआप चाले, तीही मास्टरच्या ताकदीनं. आणि ठेवलेली कुठं? सामायिक फोल्डरात! कुणीही उघडावी, कुणीही बदलावी. मशीन भरत आलंय असं दिसलं, तसं गोरखभाऊनं जाता जाता तिच्यात दोन ओळी घातल्या. जुन्या फोटोंच्या फोल्डरात जा, आणि तिथलं सगळं पुसून टाक. तो फोल्डर कुणीतरी आधीच हलवला होता. स्क्रिप्टला जायला जागा सापडली नाही. मग ती होती तिथंच उभी राहिली आणि तिथलंच सगळं पुसून मोकळी झाली, खोल्यांच्या सेटिंगसकट. चार नंबरच्या खोलीतल्या बेण्याला अवेळी कोंब फुटले आणि पठारावरची माणसं ट्रॅक्टर घेऊन दारात उभी राहिली.

सर्व्हर सांभाळायची अवसरी बुद्रुकची स्नेहल. शिव्या तिलाच बसल्या. तिनं त्या गिळल्या, स्क्रिप्ट नव्यानं लिहून कुलपात ठेवली, मास्टर पासवर्ड बदलला आणि कुणालाच सांगितला नाही. बाई गं! कुणाची विहीर बुजवली असती तरी एवढा गहजब झाला नसता. कुणी तिच्याशी बोलेना, चहाला हाक मारीना. गोरखभाऊ तर म्हणाला, “आमी काय चोर हाय का?” शेवटी प्रकरण शीतगृहाच्या अध्यक्षांकडं गेलं. धर्माजी अप्पा म्हणजे गोरखचे सख्खे चुलते. त्यांनी सगळ्यांना ऑफिसात गोळा केलं.

“पोरी,” अप्पा म्हणाले, “तू बाकड्यावर बसायचं. कीबोर्डला हात लावायचा न्हाई. मी दोन नंबरची थंडी बंद करतो. रत्नानं ती एकटीनं चालू करायची. मग गोरख तुझं कुलूप तोडून बघंल. रत्नाला जमलं न्हाई किंवा कुलूप तुटलं, तर पासवर्ड पुन्हा सगळ्यांचा. कबूल?”

“कबूल,” स्नेहल म्हणाली. पासवर्ड पुन्हा सगळ्यांचा झाला, तर आज ना उद्या कुणीतरी प्रेमानं सहाही खोल्या बुडवणार, हे तिला लख्ख दिसत होतं. आणि पठारावर लागणीला बेणं राहणार नव्हतं.

अप्पांनी बटण दाबलं. दोन नंबरचे पंखे घरघरत थांबले. रत्ना खुर्चीत बसली. डोंगराकडची पोरगी, घरी भात आणि नाचणीची शेती, इथं येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. तिनं स्क्रिप्टचं नाव आणि खोलीचा नंबर टाकला. मशीननं तिचा स्वतःचाच पासवर्ड विचारला, तो तिनं दिला. तिच्या खात्याला मास्टरची ताकद होती, पण एवढ्या एका स्क्रिप्टपुरतीच. आणि कुणी, कधी, काय चालवलं याची नोंद मशीन आपली आपण ठेवत होतं.

क्षणभर काहीच झालं नाही. स्नेहलनं बाकडं घट्ट धरलं. मग पलीकडून पंखे फिरल्याचा आवाज आला.

“झालं की वो ताई!” रत्ना ओरडलीच.

“थांब, अजून माझी पाळी हाय,” गोरखभाऊ पुढं सरकला. “आणि मी रत्नाच्याच खात्यातनं करणार. चालंल?”

बाहेरून येणाऱ्यापेक्षा घरात घेतलेल्या माणसाकडून धोका मोठा. पण स्नेहलनं होकाराची मान हलवली.

गोरखभाऊनं स्क्रिप्ट उघडली, शेवटी एक ओळ लिहिली आणि जतन करायला गेला. परवानगी नाही. फाइल मास्टरच्या मालकीची. इतरांनी वाचावी, बदलू नये. मग तिच्या जागी दुसरीच फाइल ठेवायला गेला. परवानगी नाही. तो फोल्डरही मास्टरचाच. मग त्यानं खोलीच्या नंबरापुढं आणखी एक हुकूम चिकटवून दिला. स्क्रिप्टनं सरळ उत्तर दिलं: एक ते सहा यांपैकी एकच आकडा द्या. कुणीतरी फिसकन हसलं.

गोरखभाऊ लाल झाला. पण गडी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. पुण्यातल्या मेव्हण्याला फोन लावून तो बराच वेळ कुजबुजला. स्क्रिप्ट पंखे चालू करायला ज्या प्रोग्रामला हाक मारायची, त्याच नावाचा, पण पंखे बंद करणारा खोटा प्रोग्राम त्यानं रत्नाच्या फोल्डरात बनवला आणि मशीनला सांगितलं, ‘शोधताना आधी इथं बघ.’

आता स्नेहल बाकड्यावरून पुढं झुकली. हीच खोडी सगळ्यात वाईट. तिनं प्रत्येक हाकेला पूर्ण पत्ता दिला होता ना? ओतूरच्या बाजारात नुसतं ‘गोरख’ म्हणून ओरडलं, तर चार जण वळून बघतात. म्हणून नाव, बाप, वाडी सगळं सांगावं लागतं. एखादी ओळ राहून गेली असली तर मेलेच.

गोरखभाऊनं बोट दाबलं. पंखे फिरतच राहिले. खोट्या प्रोग्रामला कुणी विचारलंसुद्धा नाही.

“आयला!” गोरखभाऊ खुर्चीतून उठला आणि दोन्ही हात वर करून म्हणाला, “हारलो राव! लई पक्कं केलंय पोरीनं!”

टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. वजनकाट्याच्या माणसानं तर शिट्टी मारली. स्नेहलला इतका आनंद झाला की नाचावंसं वाटत होतं.

पण अप्पा हसले नाहीत. “समदं खरं,” ते म्हणाले. “पण मग मास्टर तू एकटीच की. उद्या तू लग्न करून गेलीस, आजारी पडलीस, न्हाईतर तुझंच डोकं फिरलं, तर?”

स्नेहल उत्तर द्यायला गेली आणि थांबली. म्हातारा बरोबर बोलत होता. कुणालाही सगळं देऊ नये, असं ती महिनाभर ज्याला त्याला सांगत होती, आणि सगळं स्वतःच्या मुठीत धरून बसली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

ती उठून कीबोर्डपाशी गेली. “अप्पा, नवा पासवर्ड ठेवू. पहिला अर्धा मी टाकते, पुढचा अर्धा तुमी. एकमेकांचं बघायचं न्हाई. स्क्रिप्ट बदलायची तर दोघांनी समोर बसायचं. आणि आपापला अर्धा आपण पाकिटात घालून सील करून बँकेच्या दोन वेगळ्या लॉकरात ठेवू. आपल्यातल्या कुणाचं काय बरंवाईट झालं, तर उघडायला.”

मूठ उघडणं जड गेलं, खोटं कशाला बोला. पण तिनं आपला अर्धा टाकला आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. अप्पांनी सगळ्यांना पाठ फिरवायला लावली. एका बोटानं, एकेक अक्षर हुडकत, त्यांनी आपला अर्धा टाकला, आणि मशीन म्हणे दोनदा टाका, म्हणून सगळा सोहळा पहिल्यापासून पुन्हा केला. झालं एकदाचं.

अप्पा घाम पुसत बाहेर पडले, तसा गोरखभाऊ मागनं गेला आणि लाडात येऊन म्हणाला, “काका, काय ठेवलं वो? मला एकट्याला सांगा.”

अप्पा उंबऱ्यात थांबले. सख्खा पुतण्या, मांडीवर खेळवलेला. सगळं ऑफिस कान टवकारून ऐकत होतं, स्नेहलही.

“न्हाई सांगणार,” अप्पा म्हणाले.