जुना बॅकअप कोण उघडणार?

कपाळ माझं! रोज संध्याकाळी बॅकअपवर हिरवी टिक यायची, 'यशस्वी' म्हणून. काय डोंबलाचं यशस्वी! सोमवारी हार्ड डिस्क गेली तेव्हा कळलं, दिवाळीत अपडेट केल्यापासून बॅकअपचं ते सॉफ्टवेअर आमच्या जुन्या डेटाबेसला शिवतच नव्हतं.

चिंचोळी एमआयडीसीतल्या चादरीच्या कारखान्यात कॉम्प्युटरचं सगळं मी बघते. त्या डेटाबेसमध्ये गुरुबसप्पांची डिझाइनं होती. मोर, कोयऱ्या, वेली, सगळं त्यांच्या हातचं. आता त्यांची नजर अधू झालीय, नवीन काढणं होत नाही. जुन्याच डिझाइनचे रंग बदलून द्यायचे, एवढंच काम त्यांना उरलंय. डिझाइनं गेली तर माणूस घरी बसणार. "पूनमव्वा, सापडंल की?" सकाळपासून हेच चाललं होतं त्यांचं.

दिवाळीआधीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर होता. नवीन सॉफ्टवेअर तो उघडेना. कंपनीला फोन लावला.

"मॅडम, जुन्या डेटाबेसचा सपोर्ट आम्ही बंद केलाय," पोरगी गोड आवाजात म्हणाली. "तुम्हाला ईमेल केला होता."

"अहो, ईमेल मालकांना जातो. ते व्हॉट्सॲपशिवाय काही बघत नाहीत! निदान जुनं व्हर्जन तरी द्या."

"ते आता मिळणार नाही, मॅडम. तुम्ही डेटा आधीच नव्यात न्यायला हवा होता."

उंटावरून शेळ्या हाकायला हिचं काय जातंय? इतकी वर्षं आम्ही हिच्या कंपनीचं गिऱ्हाईक, ते हे ऐकायला?

शेवटी शेजारच्या टॉवेल कारखान्यातला जोतीराम आठवला. हा कधी अपडेटच करत नाही म्हणून मी त्याला लई हसायची. त्याच्याकडं जुनं व्हर्जन चालू होतं. "आता कसं, मॅडम?" म्हणाला मेला, पण बॅकअप उघडून दिला. सगळी डिझाइनं जशीच्या तशी! मला रडूच आलं. ती आणून आमच्या कॉम्प्युटरवर चढवली. गुरुबसप्पा पडद्याला नाक लावून एकेक बघत बसले.

तेवढ्यात आमचे मालक, चन्नवीरशेठ आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "चालू मालाची तेवढी ठेव, बाकीचा कचरा काढून टाक. आता डिझाइनं बाहेरून करून घ्यायचीत."

गुरुबसप्पा वळले. "मग मालक, उद्यापासून मी कशाला येऊ?"

"बघू की," मालक मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "बघू काय, बघू? त्या फोनवरच्या पोरीनं सपोर्ट बंद केला, ती परकी होती. तुमचा कारखाना ह्यांच्या हातावर उभा राहिलाय! एकसुद्धा डिझाइन काढून टाकणार नाही मी. काढायचंच असंल तर आधी मला काढा."

मालकांनी मोबाइल खाली ठेवला. गुरुबसप्पा तोवर चप्पल घालून बाहेर पडले होते.