माहेरच्या नावाचे शेअर

आमच्या लेकीने, रुचिराने गेलं वर्षभर माझं डोकं खाल्लं. अंधेरीला ऑफिसात आहे ती, पगार झाला की दुसऱ्या दिवशी त्याचे तुकडे पाडून कुठल्या कुठल्या फंडात टाकते. तिच्या मैत्रिणीही तसल्याच. हॉटेलात बसून कुणाची एसआयपी किती वाढली यावर गप्पा मारतात, नवऱ्यांबद्दल अवाक्षर नाही. येता-जाता मला म्हणायची, ''आई, पैसे एफडीत सडवू नकोस गं.'' आणि आमचे हे, चंद्रप्रकाश नेरुरकर, पाणीखात्यातून रिटायर झालेले, सोफ्यावरून ओरडायचे, ''शेअर म्हणजे जुगार! आपल्या घरात चालायचा नाही.''

एक दिवस मला कंटाळा आला. कपाटाच्या तळाला पेपर अंथरलाय, त्याच्या खालून पाकीट काढलं आणि रुचिरापुढे टाकलं. ''हे घे. बघ सडलेत का.''

लग्नाआधी मी मुलुंडला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होते. एका वर्षी कंपनीने कामगारांना स्वस्तात शेअर दिले. सगळ्या पोरींनी महिन्याभरात विकून कानातलं केलं. आमच्या सुपरवायझर उत्तराबाई मला म्हणाल्या, ''तू ठेव गं, विसरून जा.'' मी ठेवले. मग लग्न झालं, नोकरी सुटली, माझा प्रॉव्हिडंट फंड सासऱ्यांनी भांडुपच्या खोलीच्या डिपॉझिटला घातला. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. तेव्हाच ठरवलं, त्या कागदांबद्दल तोंड उघडायचं नाही. सदतीस वर्षं उघडलं नाही.

रुचिराने दोन दिवस फोन केले, मोबाईलवर काय काय शोधलं, आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन किंचाळलीच. ''आई! बावीस लाख! अगं, तू तर आमच्या सगळ्यांचा बाप निघालीस!''

आणि इथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

यांनी दोन दिवस अबोला धरला. सदतीस वर्षं फसवलं म्हणे. तिसऱ्या दिवशी बघते तर काय, मोबाईलवर शेअर बाजाराचे व्हिडिओ! जुगार म्हणणारा माणूस मला चहा पिता पिता मार्केट समजावतोय. ''आता बूम आहे. अर्धे ठेवायचे, अर्धे काढून एफडी. आपल्या जॉइंट खात्यात.'' आमचं एकच खातं आहे, त्यात पहिलं नाव यांचं, चेकबुक यांच्याकडे. तिकडून रुचिरा, ''नाही पप्पा, सगळे इंडेक्स फंडात.'' माझे पैसे, आणि भांडताहेत हे दोघं! मी मध्ये भेंडी चिरत बसलेली. अरे, मला विचारा ना कुणीतरी!

''तुम्ही कागद तरी बघितलेत का?'' मी यांना विचारलं.

''कागद काय बघायचे? रक्कम कळली ना.''

आता घोळ असा की शेअर माझ्या माहेरच्या नावावर. आमच्याकडे लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहायचं, की झालं, नाव बदललं. आडनावच नाही, पहिलं नावही. आधार, पॅन, रेशनकार्ड, सगळं 'प्रेमा'. लग्नाची नोंदणी तेव्हा कोण करतंय? शाळेचा दाखला एवढाच माझ्याकडे जुना पुरावा. मग कंपनीच्या शेअरचं काम बघणाऱ्या ऑफिसने सांगितलं, नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र आणा, की ती बाई आणि ही बाई एकच. म्हणजे मी कोण आहे हे मी सांगून चालत नाही, यांनी सांगावं लागतं. डोकं फिरलं माझं, पण करते काय?

रुचिराच्या ओळखीचा नोटरी दिंडोशीच्या कोर्टाबाहेर बसतो. रुचिराला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही दोघंच भांडुपहून रिक्षा करून गेलो. रस्ताभर हे रिक्षावाल्याला पोर्टफोलिओ म्हणजे काय ते सांगत होते. मी कागदांचं पाकीट मांडीवर धरून बसलेले.

नोटरी तरुण होता, नीट बोलत होता. म्हणाला, ''काका, शपथेवर तुम्ही सांगताय, तर मी तुम्हालाच विचारणार. पत्नीचं आत्ताचं नाव?''

''प्रेमा चंद्रप्रकाश नेरुरकर.'' छाती काढून.

''लग्नाआधीचं आडनाव, वडिलांचं नाव?''

''घाडी. धोंडिराम घाडी. कणकवलीचे.''

''आणि त्यांचं पहिलं नाव?''

हे थांबले. माझ्याकडे बघितलं. मी बोलायचं नाही असं ठरवलं नव्हतं, पण जीभच हलेना. म्हटलं, आठवेल. आत्ता आठवेल.

''प्रेमाच ना?'' हे म्हणाले.

''काका, ते बदललेलं नाव.''

''अहो, मीच तर बदललं, तांदळात लिहून!''

''काय होतं म्हणून बदललंत?''

हे कपाळ चोळायला लागले. ''शोभा की काय... नाही. फुलाचं काहीतरी होतं. अगं, सांग ना! तोंड शिवलंय का?''

सदतीस वर्षं मी या माणसाला गरम पोळी वाढतेय. याच्या बहिणींच्या पोरांचे वाढदिवस मला पाठ आहेत. मला इतकं वाईट वाटलं की रागसुद्धा नीट येईना.

''चंपा,'' मी नोटरीला सांगितलं. ''चंपा धोंडिराम घाडी. लिहा.''

''हां, चंपा!'' हे हसले. ''बघा, म्हटलं ना, फुलाचं!'' आणि माझी बायको चंपा हीच प्रेमा, असं शपथेवर लिहून सही ठोकून मोकळे झाले.

परतीच्या रिक्षात मला वाटलं, आता तरी काही बोलतील. चुकलं म्हणू नका, निदान नाव तरी एकदा उच्चारा. पवई आली. मग म्हणाले, ''पैसे जमा व्हायला किती दिवस लागतील गं?''

भांडुप स्टेशनजवळ बँक दिसली तशी मी रिक्षावाल्याला ओरडून सांगितलं, ''भैया, रोको इधर.''

''इथे कशाला? आपली बँक पुढे आहे,'' हे म्हणाले.

''आपली आहे. माझी नाही. मला खातं उघडायचंय. माझ्या एकटीचं.''

''एकटीचं? वेडी झालीस का? आणि पैशाचं काय करणार तू?''

''ते मला अजून माहीत नाही,'' मी खाली उतरत म्हटलं. ''ठरवलं की सांगेन. नाहीतर नाही सांगणार.''

''अगं, थांब, मी येतो ना सोबत...''

''नको. तुम्ही घरी जा, कुकर लावा. डाळ भिजवून ठेवलीय.''

ते रिक्षात तसेच बसून राहिले. मी पर्स काखेत घट्ट धरली आणि पायऱ्या चढून आत गेले.