काळी चौकट आली नि गेली

बोलायची मला सवय नाही. मी घरात वापरायचा एक साधा संगणक. समोरच्याने विचारलं तर सांगायचं, एवढंच माझं काम. पण एकदा न विचारता सांगायला हवं होतं आणि मी गप्प बसलो. म्हणून आज बोलतो.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात मला जोडलं. डबा एकाचा, डिस्क दुसऱ्याची, पडदा कुठल्याशा कचेरीतून निकालात निघालेला. एका मुलीने मला तिच्या बाबांसाठी घेतलं. बाबा एकतीस वर्षं कारखान्याच्या बॉयलरवर होते. त्या घरघरीने दोन्ही कान गेले. आई केव्हाच गेलेली. मुलीला समुद्रापलीकडच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली, आणि प्रश्न पडला की या माणसाशी बोलायचं कसं? फोन घरात होता, पण वाजला तरी ऐकणार कोण? मग ठरलं की तिने तिकडून टाइप करायचं आणि यांनी माझ्या पडद्यावर वाचायचं.

"मला नाही जमणार हे," बाबा ओरडले. ते नेहमीच ओरडून बोलत. आपल्यासारखं सगळं जगच बहिरं आहे असं त्यांना वाटत असावं.

मुलीने वहीत लिहिलं, 'एवढा बॉयलर जमला, हा डबा नाही जमणार?'

"बॉयलर बिघडला तर शिट्टी तरी मारतो! हे ध्यान काय करणार?"

ती खूप हसली. मलाही तेव्हा ती गंमतच वाटली.

मुलगी गेली आणि बाबांचे हाल सुरू झाले. ब्रॉडबँड लावायचं म्हणजे आधी एक चित्र दाबायचं, मग मी नाव आणि पासवर्ड विचारणार. पासवर्डात लहानमोठी अक्षरं आणि आकडे. बाबांची बोटं वाफेने भाजून आखडलेली. एक दाबायला जावं तर दोन दाबली जात. तिसऱ्यांदा चुकलं की ते माझ्या डोक्यावर टप्पल मारायचे. "सारखं कोण तू, कोण तू! घरातल्या माणसाला कोणी रोज नाव विचारतं का?"

शेवटी ते दुरुस्तीवाल्याला घेऊन आले. बाबा त्याला मिस्त्री म्हणत. मिस्त्री मनाने चांगला. खुर्ची ओढून बसला आणि अर्ध्या तासात सगळं सोपं करून टाकलं. नाव आणि पासवर्ड एका ओळीच्या हुकमात लिहिला आणि तो हुकूम माझ्या सुरुवातीच्या कामांमध्ये ठेवून दिला. मी जागा झालो की एक काळी चौकट उघडायची, तिच्यात जोडणी व्हायची आणि चौकट आपली आपण मिटायची. कोणाला काही विचारायचं नाही.

त्याने वहीत लिहिलं, 'काका, काळी चौकट आली नि गेली की समजा, लागलं.'

"बस्स?"

'बस्स. आता फक्त बटण दाबायचं.'

बाबांनी त्याची पाठ थोपटली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "शिकला बाबा एकदाचा."

दोन वर्षं छान गेली. दर रविवारी सकाळी दहाला बाबा अंघोळ करून, भांग पाडून माझ्यासमोर बसत. चौकट यायची, जायची. मुलीच्या नावापुढचा ठिपका हिरवा व्हायचा. ती भराभर लिहायची. बाबा एका बोटाने उत्तर द्यायचे. एका ओळीला पाच मिनिटं लागत, पण ती थांबायची.

मग एका रविवारी तिने लिहिलं, 'बाबा, माझ्या हृदयाची झडप खराब झाली आहे. पुढच्या बुधवारी ऑपरेशन. तुम्ही येऊ नका. तुमचे कागद व्हायला दोन महिने लागतील, डॉक्टर तितके थांबणार नाहीत. पण त्याआधीच्या रविवारी दहाला नक्की बसा. मला भीती वाटते. तुमच्याशी बोलून मगच आत जाईन.'

बाबांनी लिहिलं, 'बसतो. घाबरू नको.' त्या दिवशी त्यांचं एकही अक्षर चुकलं नाही.

त्याच आठवड्यात ब्रॉडबँडवाल्यांचं पत्र आलं. शुक्रवारपर्यंत सर्वांनी पासवर्ड बदलून घ्यावा, नाहीतर जोडणी बंद. रविवार चुकायला नको म्हणून बाबा शुक्रवारी सकाळीच त्यांच्या कचेरीत रांगेत उभे राहिले. खिडकीवर नवा पासवर्ड लिहून दिला, घरी आले, आणि तोच पासवर्ड एका चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरांत लिहून माझ्या डब्यावर चिकटवला. कडा बोटाने दाबून पक्क्या केल्या. काम चोख झालं म्हणून समाधानाने चहा प्यायले.

रविवारी त्यांनी पावणेदहालाच बटण दाबलं. काळी चौकट उघडली. मी जुनाच पासवर्ड पुढे केला. पलीकडून उत्तर आलं: चूक. मी ते चौकटीत लिहिलंही. पण डोळ्याची पापणी लवेपर्यंत चौकट मिटली, नेहमीसारखी. जोडणी झाली तरी ती मिटायची, नाही झाली तरी मिटायची.

"लागलं," बाबा म्हणाले.

मुलीच्या नावापुढचा ठिपका राखाडी होता. बाबांना वाटलं, अजून आली नसेल. साडेदहा झाले, अकरा झाले. फळीवरचा फोन वाजायला लागला. बाबांची त्याच्याकडे पाठ होती. तो तीनदा वाजला, खूप वेळ वाजला. बाबा ठिपक्याकडे बघत बसले होते. एक वाजता उठले आणि स्वतःशीच म्हणाले, "थकून झोपली असेल पोर. झोपू दे."

बुधवारीही बसले. पुढच्या रविवारीही. सोमवारी वहीचं पान फाडून दुकानात गेले. पानावर लिहिलं होतं, 'मुलगी दिसत नाही. येऊन बघा.'

मिस्त्री आला, आणि खुर्चीवर बसण्याआधीच त्याला चिठ्ठी दिसली. त्याने बोटाने खूण करून विचारलं, हे काय?

"नवा पासवर्ड. त्याला कळायला नको? पाळी बदलली की आम्ही बॉयलरवर चिठ्ठी लावून जायचो. पुढचा वाचून तसं करायचा. एकतीस वर्षांत कधी घोटाळा झाला नाही."

मिस्त्री खुर्चीवर बसला. त्याने हुकमातला जुना शब्द खोडून नवा घातला. मी जोडला गेलो, आणि अडकून राहिलेलं सगळं एकदम आलं.

'बाबा, आलात?'

'दहा वाजून गेले.'

'फोन केला. ऐकू येणार नाही माहीत आहे, तरी केला.'

'येऊ नका म्हटलं म्हणून रागावलात का?'

'आत नेतायत. बाबा, रागावू नका.'

त्याखाली तिच्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीचं होतं. ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आलीच नाही, शुक्रवारी गेली. पत्ता सापडला नाही म्हणून इथेच लिहिते आहे, काका.

बाबांनी काचेवर बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मग वळले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज इतका हळू होता.

"मी बसलो होतो, मिस्त्री. दोन्ही रविवारी बसलो होतो."

मिस्त्रीने मान हलवली. वही समोरच होती, पण त्याने तिला हात लावला नाही.

आता मी पुन्हा दुकानात आहे. बाबांनीच मला आणून ठेवलं. मिस्त्री पैसे द्यायला लागला तर घेतले नाहीत. माझी डिस्क पुसून मला दुसऱ्या कुणाला देणार आहेत. पुसण्याआधी मिस्त्रीने कागदावर विचारलं, 'तिचं लिहिलेलं छापून देऊ?'

बाबांनी वाचलं आणि कागद परत केला.

"नको. पाठ आहे."

उद्या मी ज्याच्या घरी जाईन, त्यालाही वाटेल की चालू केल्याबरोबर आपोआप जोडणी व्हावी. जरूर करा. तेवढ्यासाठीच मी आहे. फक्त एक करा. जोडणी झाली नाही तर ती चौकट मिटू देऊ नका. मला तिथे अडून राहू द्या, तुमची वाट अडवू द्या. वैतागून माझ्या डोक्यात टप्पल मारलीत तरी चालेल.