गांगुर्डे सरांचं अक्षर

"पाटी द्या ना सर. मोजून घ्यायला सांगितल्यात मला."

गोजराबाई शिपाई जिमखान्याच्या दारात टोपली घेऊन उभी होती. आम्ही तेरा जणांनी आपापल्या पाट्या तिच्या टोपलीत कधीच टाकल्या होत्या. पुरुषांनी गळ्यातले टायही काढून दिले होते. राहिले होते फक्त गांगुर्डे सर. त्यांनी खिशातला रुमाल काढून पाटीवरची धूळ पुसली, एकदा लांब धरून पाहिली आणि मग ती गोजराबाईच्या हातात दिली.

पुठ्ठ्याचीच पाटी. वर छापलेलं, 'प्रा. रावजी गांगुर्डे, पूर्णवेळ व्याख्याते, व्यवस्थापन विभाग.'

माणूस मराठीचा. व्यवस्थापनाशी त्याचा काय संबंध? आता अकरा वर्षं तासावर शिकवून तीन माणसांचं घर चालवणं याला व्यवस्थापन म्हणायचं असेल, तर मात्र अख्ख्या नाशकात त्यांच्याएवढा तज्ज्ञ सापडला नसता.

ही फेब्रुवारी २००२ मधली गोष्ट. आमच्या संस्थेला व्यवस्थापनाचा नवा विनाअनुदानित कोर्स हवा होता, आणि तो द्यायचा की नाही हे ठरवायला विद्यापीठाची समिती दोन दिवसांसाठी आली होती. समितीला पूर्णवेळ प्राध्यापक दाखवावे लागतात. ते कुठून आणायचे? मग तासावरच्या आम्हा चौदा जणांना टाय आणि पाट्या देऊन बसवलं. मी मोहिनी देवरे, अर्थशास्त्राची. मला 'वित्त विभाग' मिळाला होता. संध्याकाळी पाट्या परत, कारण दुसऱ्या दिवशी त्याच पुन्हा लागणार होत्या.

कॉलेजात आम्हाला 'तासवाले' म्हणत. तोंडावर नाही, पण म्हणत. एका पूर्णवेळ जागेवर तीन तासवाले बसतात, असा संस्थेचा हिशेब. मार्चमध्ये काम संपलं की आम्ही कोणी नसायचो. जुलैत पुन्हा मुलाखत. तीच केबिन, तेच अध्यक्ष, आणि दरवर्षी पहिला प्रश्न तोच, "आपला परिचय द्या." अहो, काल-परवापर्यंत तुमच्याच जिन्यात तुम्हाला नमस्कार करत होतो की! पण नाही. नवा उमेदवार म्हणून आत जायचं, मूळ सर्टिफिकिटांची फाइल पुढे ठेवायची आणि नाव सांगायचं. 'अनुभव' या रकान्यात 'नाही' लिहायचं, हाही रिवाजच. कॉलेजच्या वार्षिकात कायम नोकरीतल्या लोकांच्या नावामागे 'प्रा.' छापायचे, आमच्यामागे नुसतं श्री. नाहीतर सौ. मला तर एका वर्षी लग्नाआधीच सौ. करून टाकलं होतं. आईने तो अंक पाहून दोन दिवस अबोला धरला.

गांगुर्डे सर मूळचे पिंपळगाव बसवंतकडचे. पंचवटीत दोन खोल्यांत राहायचे. बायको मीना, एक मुलगी. सेट पास झालेले, पण जागा निघेल तर ना! त्यांचं वैभव एकच, अक्षर. कटनिबच्या पेनाने लिहायला बसले की माणसं चहा विसरून बघत राहायची. कॉलेजात पाहुणा आला की मानपत्र गांगुर्डे सर लिहिणार. अध्यक्षांची एकसष्टी? गांगुर्डे सर. मी एकदा म्हटलं, "सर, मजकूर किती सुंदर असतो तुमचा!" तर हसून म्हणाले, "मॅडम, मानपत्र कोणी वाचत नाही. अक्षर बघतात आणि भिंतीला लावतात."

त्या संध्याकाळी गोजराबाई टोपली घेऊन गेली आणि सर कॅरम बोर्डाशी येऊन बसले. आम्हाला स्टाफरूममध्ये बसायची परवानगी नव्हती, म्हणून आमचे डबे कॅरम बोर्डवर. सर म्हणाले, "जूनपासून मराठी आणि अर्थशास्त्र विशेष स्तर बंद करणार आहेत. त्या वर्गांत व्यवस्थापन बसणार. क्लार्कने यादी दाखवली मला."

"मग आपलं काय?"

"आपलं काय म्हणजे? आज आपण त्यांच्यासाठी टाय घालून बसलो ना? आपणच आपल्या वर्गाला कुलूप लावायला हातभार लावला, मॅडम."

खरंच होतं ते. मग ठरलं. समितीला खरं लिहून द्यायचं. आम्ही पूर्णवेळ नाही, व्यवस्थापनाचे नाही, तासावर आहोत. विषय बंद करू नका, रिकाम्या जागा रीतसर भरा. दोन प्रती. एक समितीच्या हातात, दुसरी रजिस्टर पोस्टाने विद्यापीठाला.

आता पहिली सही कोणाची? पहिला तो पुढारी, आणि पुढारी पहिला घरी जाणार. तेव्हा सरांनी माझ्या डब्याचं झाकण घेतलं, कागदावर पालथं ठेवलं आणि वर्तुळ काढलं. "गोल सह्या करू. गोलाला पहिला-शेवटचा नसतो." आम्ही खूश! काय युक्ती, काय युक्ती! टाईप कुठे करायचं? कॉलेज रोडच्या डीटीपीवाल्याकडे संस्थेचंच काम, तो लगेच संस्थेत फोन करणार. तर सर म्हणाले, "कशाला? मी लिहितो की."

आणि त्यांनी लिहिलं. दोन्ही प्रती, त्याच कटनिबने, समास सोडून. तेरा एम.ए. माणसं भोवती उभी राहून 'वा सर' म्हणत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसरं काय असतं? एकालाही सुचलं नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी समितीची गाडी निघताना मी तो कागद प्रमुखांच्या हातात दिला. वयस्कर, सज्जन दिसणारा माणूस. "बघतो हं," म्हणाले. त्यांनी काय बघितलं देव जाणे. अंधार पडायच्या आत कागद आमच्या अध्यक्षांच्या, नानासाहेबांच्या टेबलावर होता.

सकाळी गोजराबाई आली. "समद्यांना बोलावलंय केबिनमधी. लय तापलेत साहेब."

पण नानासाहेब तापलेले नव्हते. चष्मा लावून निवांत बसले होते, शेजारी प्राचार्य. नानासाहेबांच्या डोक्यावर, भिंतीवर, त्यांच्या एकसष्टीचं मानपत्र. काच, सोनेरी चौकट. नानासाहेबांनी आमचा कागद वर धरला, एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा मान वळवून भिंतीकडे.

"सह्या गोल केल्या. हुशार हायेत तुम्ही लोकं. पहिला कोण ते कळू नये, नाय का?" मग ते हसायलाच लागले. "अहो गांगुर्डे सर, पण अक्षर?"

सर एक पाऊल पुढे आले. "मी लिहिलंय, साहेब. मजकूरही माझाच."

"मजकूर राहू द्या. विद्यापीठात दुसरी प्रत गेली म्हणे? मग तिथून खुलासा मागतील. खुलासा आपण द्यायचा. हे तेरा जण लिहून देतील का आमची दिशाभूल झाली, वाचायला न देता सही घेतली. कोणी केली दिशाभूल, त्याचं नाव पाहिजे. विद्यापीठाला टाईप करून पाठवू." त्यांनी चष्मा काढला. "पण आपल्या फायलीला मला हाती लिहिलेलं पाहिजे. तेरा कागद. तुम्ही लिहायचे."

"मी?"

"मग? ज्या हातानं लिहिलं त्याच हातानं पुसायचं. तेरा कागद आले का हे तेरा जण राहतील. नाय आले, तर चौदाही जण जुलैत येऊ नका."

प्राचार्य खिडकीबाहेर बघत होते. चांगला माणूस म्हणायचे त्यांना सगळे. चांगल्या माणसांना खिडक्या फार लागतात.

सर एवढंच म्हणाले, "दोन दिवस द्या."

तिसऱ्या दिवशी ते जिमखान्यात आले तेव्हा त्यांच्या काखेत कागदांची गुंडाळी होती. प्रत्येकाच्या नावाचा वेगळा कागद. त्यांनी कॅरम बोर्ड फडक्याने पुसला आणि ते पसरून ठेवले. खाली सहीसाठी पेन्सिलची बारीक रेघ आखलेली. कोणी मान वर करत नव्हतं. उपासनी सर तर सही करून, चपला हातात घेऊन पळाल्यासारखे गेले.

"मी नाही करणार," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "काय लावलंय हे? आम्ही काय कुकुली बाळं आहोत दिशाभूल व्हायला? आणि तुम्ही लिहिलंत तरी कसं, सर? लाज नाही वाटली स्वतःविरुद्ध लिहायला?"

"वाटली की," ते म्हणाले. "पहिल्या कागदाला वाटली. मीनाने तर पेन लपवून ठेवलं होतं." मग त्यांनीच विचारलं, "मॅडम, तुमच्या आईची औषधं कोण आणतं?"

"तो प्रश्न नाहीये."

"तोच प्रश्न आहे. चौदाच्या चौदा घरी बसलो तर त्याला लढा म्हणत नाहीत, सुट्टी म्हणतात. तेरा जण आत राहिले तर पुढे कधीतरी पुन्हा लिहाल. फक्त तेव्हा टाईप करा."

स्वतःच्या विनोदावर ते एकटेच हसले. मी सही केली. रडत केली, रेघेच्या खाली घसरली. वाचलं नाही. आमच्यातल्या कोणीच वाचलं नाही. वाचवेल कसं? क्लार्कनेही वाचलं नसणार. गांगुर्डे सरांचं अक्षर म्हणजे नीटच असणार, म्हणून धडाधड आवकचे शिक्के मारले आणि गठ्ठा सहीला आत पाठवला.

मराठी विशेषच्या शेवटच्या तासाला नऊ मुलं होती. सरांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, फळा पुसला आणि डस्टर गोजराबाईकडे जमा केलं. ती म्हणाली, "ते राहू द्या ना सर, त्याचं काय मोजायचंय!" पण त्यांनी जमा केलंच.

विद्यापीठाने खुलासा मान्य केला. कोर्स मिळाला. जूनमध्ये मराठी विशेष बंद झालं, अर्थशास्त्र जेमतेम वाचलं. आणि तेरा जण राहतील हा नानासाहेबांचा शब्द? तेरांपैकी चौघांना जुलैत मुलाखतीचं पत्रच आलं नाही. उपासनी सर त्यातलेच एक.

मला आलं. मी गेले. घरी औषधं लागत होती, गेले.

"आपला परिचय द्या," नानासाहेब म्हणाले. प्राचार्यांनी माझी कॉलेजकडची फाइल उघडून पुढे ठेवली. सगळ्यात वर तो कागद. मुद्दामच वर ठेवला होता, मला दिसावा म्हणून. मी पाहिला. आणि पहिल्यांदाच वाचला.

'मी, प्रा. मोहिनी देवरे, लिहून देते की, प्रा. रावजी गांगुर्डे यांनी माझी दिशाभूल करून...'

प्रा. रावजी गांगुर्डे.

खाली कॉलेजचा गोल जांभळा शिक्का. आवक क्रमांक, तारीख. प्राचार्यांची सही. अकरा वर्षं ज्या कॉलेजने त्या माणसाच्या नावामागे ते एक अक्षर लावलं नाही, पुठ्ठ्यावर लावलं तर संध्याकाळी मोजून परत घेतलं, त्याच कॉलेजच्या दप्तरात आता ते शिक्क्यानिशी होतं.

मी वर पाहिलं. प्राचार्य माझ्याकडेच बघत होते. त्यांच्याही लक्षात आलेलं असावं, आजच की आधीच, कोण जाणे. त्यांनी फाइल हळूच मिटली.

"परिचय द्या म्हटलं बाई," नानासाहेब म्हणाले.

"मोहिनी देवरे. अर्थशास्त्र."

"अनुभव?"

"नाही," मी म्हणाले. हो, म्हणाले. मोठा पराक्रम केला असं मी कुठे म्हणतेय?

त्याच रविवारी सीबीएस स्टँडवरून एसटी पकडून पिंपळगावला गेले. सर मेव्हण्याच्या ओळखीने एका व्यापाऱ्याच्या कांद्याच्या खळ्यावर कामाला लागल्याचं कळलं होतं. फाटकाशी पत्र्याची टपरी, आत सर. काट्यावर वजन झालं की टेम्पोला पावती लिहून द्यायची. दाढी वाढली होती, शर्टवर कांद्याच्या टरफलांचा चुरा. मला पाहून उठून उभे राहिले, स्वतःची खुर्ची झटकून दिली.

"सर, मी तो कागद वाचला."

ते कानाची पाळी चोळत म्हणाले, "वाचलात होय? मला वाटलं, कोणी वाचणार नाही."

"तेराही कागदांवर तसंच आहे?"

"तेराही. तुमच्या सगळ्यांच्याही नावामागे लावलंय. एकट्यालाच कसं लावून घ्यायचं?"

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. "ओ मास्तर! पावती द्या ना, झोपले का काय?"

सरांनी पेन उचललं. साधं बॉलपेन होतं, दोऱ्याने टेबलाला बांधलेलं. पावतीबुकात कार्बन सरकवता सरकवता त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "मॅडम, शिक्का नीट उमटलाय ना? आमच्या क्लार्कच्या पॅडमध्ये शाई कमी असायची."

"नीट उमटलाय, सर."

"सही?"

"प्राचार्यांची. पूर्ण."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि टेम्पोचा नंबर लिहू लागले.