पहिला इंच नसलेली टेप

खरं म्हणजे हे मी सांगायला नको. कुणाचं माप बाहेर सांगायचं नाही, हा आमच्या घरचा कडक नियम आहे. कुणाची कंबर किती, कुणाचा एक खांदा उतरता, हे आईच्या, माझ्या आणि वहीच्या पोटात राहतं. पण कालपासून मी मोठ्या शहरात आहे, नवव्या मजल्यावर आहे, आणि आता मला गप्प बसवत नाही. मी मापाची टेप बोलतेय.

मी जन्माची साठ इंचांची. अंगानं पिवळी, आकडे काळे, दोन्ही टोकांना पितळेचे पत्रे. आमच्या कारखान्यात लांबच लांब पट्टीवर आकडे छापत आणि मग तुकडे करत, त्यामुळे मला बहिणी किती हे विचारूच नका. दुकानात काचेखाली वेटोळं करून पडले होते, तिथून आईनं मला आणलं. ती काही माझी आई नव्हे, पण घरात तिला आई म्हणतात म्हणून मीही म्हणते.

आई पुढच्या खोलीत कपडे शिवते. मी दिवसभर तिच्या गळ्यात. माप देताना माणसं मोठी गंमत करतात. आधी श्वास आत ओढून पोट लपवतात आणि माप झालं की म्हणतात, जरा सैलच शिवा. आई हसत नाही. हसायचं काम तिनं माझ्यावर सोपवलंय.

पाच-सहा वर्षांपूर्वी माझ्या सुरुवातीच्या टोकाचा पत्रा निघाला आणि धागे सुटायला लागले. आईनं कात्री घेतली आणि एकच्या रेघेवर मला सरळ कापलं. तेव्हापासून मी एकपासूनच सुरू होते. आई माप घेते, मनात एक वजा करते आणि उरलेला आकडा वहीत लिहिते. नवी टेप आण म्हणून सगळ्यांनी तिला सांगून पाहिलं. तिचं म्हणणं एकच, हिच्यावर माझा हात बसलाय.

आईला दोन मुली. थोरली ताई शहरात मामा-मामींकडे राहते. धाकटी नववीत आहे आणि इतकी हळू बोलते की मामानं तिचं नावच हळूबाई ठेवलंय. पाहुणे आले की ती दाराआड उभी राहते, पण तिथून तिला सगळं दिसतं. कुणाच्या शर्टाचं कोणतं बटण वेगळ्या दोऱ्यानं लावलंय, हेसुद्धा.

महिन्यापूर्वी ताई एका दिवसासाठी घरी आली. तिला संग्रहालयात काम मिळालं होतं, लोकांना वस्तू दाखवत त्यांची माहिती सांगायचं. त्यासाठी गडद निळा कोट लागणार होता. तो दुसरीकडे शिवला असता तर आईनं तिच्याशी बोलणं सोडलं असतं. पण आई नेमकी गिऱ्हाइकाकडे गेलेली आणि ताईच्या बसची वेळ झालेली. तेव्हा हळूबाईनं मला उचललं आणि ताईची मापं घेतली. बाही माझ्यावर तेवीस भरली. मी एकपासून सुरू होते हे तिला ठाऊक, म्हणून तिनं वजा करून वहीत सुंदर अक्षरात लिहिलं, बावीस. आई आल्यावर तिनं सांगितलंही, एकेक इंच मी वजा केलाय. आईचं मशीन चालू होतं. आई ‘हं’ म्हणाली.

मी खिळ्यावर लटकत होते. मला वाटलं, ऐकलं असेल.

काल, शनिवारी, पहाटेच आम्ही निघालो. कागदात गुंडाळलेला कोट आईच्या मांडीवर आणि मी हळूबाईच्या स्वेटरच्या खिशात. फिटिंग तिथं जाऊन बघायचं होतं, म्हणून मला घेतलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी घराबाहेर पडत होते. माझं एक टोक खिशाबाहेर राहिलं होतं, म्हणजे मला खिडकीच मिळाली म्हणा ना. मी रस्त्यावरचे खांब मोजायला घेतले, तर माझे सगळे आकडे संपले आणि खांब उरले. हळूबाई काचेला नाक लावून बसली होती. शेजारच्या बाईंना आई तीनदा सांगून झाली की थोरलीचा सोमवारी कामाचा पहिला दिवस आहे.

मग ती हळूबाईकडे वळून कौतुकानं म्हणाली की मापं छान घेतली होतीस, फक्त इंच वजा करायचा हे तुझ्या लक्षात आलं नव्हतं, तो मी सगळीकडे केला.

खिशात हात आला. त्या हातानं मला इतकं घट्ट गुंडाळलं की माझे मधले आकडे दुमडले. बावीसातून पुन्हा एक गेला होता. बाही एकवीस झाली होती आणि छाती, खांदे, सगळंच इंचानं कमी. हळूबाईनं दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा बस वळली, समोर उंच इमारतींची रांग दिसली आणि आई म्हणाली, बघ, बघ. दुसऱ्यांदा आई कोटावरच्या कागदावरून हात फिरवत इतकी खुशीत हसत होती, की तोंड आपोआप मिटलं.

शहराचं मात्र काय सांगू! तिथं पायऱ्या चालतात आणि माणसं उभी राहतात. त्या सरकत्या जिन्यावर पाय टाकायला हळूबाईनं चार पायऱ्या जाऊ दिल्या. मागच्या माणसानं घसा खाकरला तेव्हा कुठे पाचवी पकडली. दुकानांच्या काचेत डोकं नसलेले पुतळे होते, सगळे एकाच मापाचे. एवढ्या सोप्या गिऱ्हाइकांचे कपडे कोण शिवतं, असा मला प्रश्न पडला. लिफ्ट सुटली तशी मी खिशात तळाला गेले. वर पोचलो तर मामी दार उघडून उभीच होती.

चहा व्हायच्या आधीच ताईनं कोट घातला. वरचं बटण लागेना. बाही मनगटाच्या वर राहिली. पाठीवर कापड ताणलं.

मामा म्हणाला, महिनाभरात बाईसाहेबांनी चांगलंच बाळसं धरलंय. ताई एकदा हसली. आईनं मात्र कोट चारी बाजूंनी पाहिला आणि ठणकावून सांगितलं की तिचं माप आजवर चुकलेलं नाही, ताईचंच अंग सुटलंय, तिनं आता चार घास कमी खावेत. ताई पुन्हा हसली नाही. तिनं कोट काढला आणि म्हणाली, असू दे, सोमवारी जुनं जॅकेट घालीन. कोटाची घडी तिनं दोनदा घातली, दोन्ही वेळा वाकडी पडली.

हळूबाई फ्रिजशेजारी उभी होती.  मग तिचा खिशातला हात मला घेऊनच बाहेर आला. ती काहीतरी पुटपुटली, ते माझ्याशिवाय कुणालाच ऐकू गेलं नाही. मामा अजून हसत होता. मग ती दुसऱ्यांदा बोलली, आणि माझ्या उरलेल्या एकोणसाठ इंचांची शपथ, तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

“आई, ताई जाड झालेली नाही. तो इंच मी आधीच वजा केला होता. तू पुन्हा केलास.”

मामाचं हसू थांबलं.

“मग मला सांगितलं का नाहीस?” आईनं विचारलं.

“सांगितलं होतं. तुझं मशीन चालू होतं. तू हं म्हणालीस.”

 आईनं कोट मांडीवर ओढला आणि बाही उलटी केली.

“म्हणाले असेन,” ती म्हणाली. “मी सगळ्यांनाच हं म्हणते.” आणि वर न बघताच ताईला म्हणाली, “तू पोटभर जेव गं. मी उगाच बोलले.”

नशीब, आई शिवणीच्या आत भरपूर कापड सोडते. कालची संध्याकाळ उसवण्यात गेली. मामानं प्रायश्चित्त म्हणून सुयांत दोरा ओवायचं काम मागून घेतलं आणि तासाभरात एक सुई ओवली. आज सकाळी मामी आणि हळूबाई कोटाच्या रंगाचा दोरा आणायला गेल्या. त्या दुकानात भिंतभर नुसता निळा दोरा होता, पंचवीस-तीस प्रकारचा. दुकानदार एक रीळ पुढे करत होता. हळूबाईनं मान हलवली आणि वरच्या ओळीतलं दुसरंच मागितलं, तेही एकदाच, आणि त्याला ते ऐकू गेलं. घरी येऊन कापडाला लावलं तर कुठे दोरा आणि कुठे कापड, कळेना. मग आईनं खांदे घेतले, हळूबाईनं दोन्ही बाह्या. मशीन नव्हतं, सगळी हातटीप. हळूबाईचे टाके आईनं बोटानं चाचपून पाहिले आणि तिच्याकडे कॉलरही सरकवली.

आत्ता रविवारची दुपार आहे. ताईनं कोट घातलाय. सगळी बटणं लागली आणि बाही मनगटाच्या हाडाशी बरोब्बर थांबली. ती खोलीभर फिरून आम्हाला संग्रहालय दाखवतेय. हा पाहा अतिशय जुना फ्रिज, अजून चालू स्थितीत. हे पाहा आमचे मामा, यांच्याबद्दल तसं सांगता येत नाही.

जाताना नवी टेप घ्यायची, असं आईनं जाहीर केलंय. मामा म्हणाला की मग हिला ताईच्या संग्रहालयातच ठेवू. सगळे हसले. हळूबाई म्हणाली, ही मला हवी. तिनं ते नेहमीच्या आवाजातच सांगितलं होतं, पण आईनं हातातलं काम थांबवून मान वर केली. मग माझी घडी करून मला तिच्या हातात दिलं.

तेव्हा आता मी हळूबाईची. आणि तुम्हाला माझी एकच विनंती आहे. तुमची मशीनं खुशाल चालवा, पण घरातलं कुणी हळू आवाजात काही सांगायला आलं, तर पायडलवरचा पाय जरा... थांबा, आई हाक मारतेय.

“हळूबाई, टेप घेऊन ये गं. मामीलाही कोट हवाय. माप तूच घे, आणि आकडे मोठ्यानं सांग.”