सायकलची खुळखुळ

हैदराबादच्या नल्लकुंट्यातलं घर सोडायला उत्तमराव एकाच अटीवर तयार झाले होते: सायकल सोबत येईल. मुलगा प्रबुद्ध तेव्हा म्हणाला होता, "येईल की पप्पा. तुम्हाला विचारल्याशिवाय तिला कोणी हात नाही लावणार." बायको, शोभाबाई, शेजारीच बसल्या होत्या आणि त्यांनी मान डोलावली होती. येत्या रविवारी कुकटपल्लीच्या फ्लॅटमध्ये जायचं होतं.

सायकलला एकच खोड होती. मागच्या ब्रेकची वायर आडव्या दांड्याला धरून ठेवणारी क्लिप रिव्हेटात सैल झाली होती आणि खड्डा आला की खुळखुळायची. नल्लकुंट्याच्या रस्त्यांवर म्हणजे अखंडच. कोपऱ्यावरची खुळखुळ ऐकून शोभाबाई चहा टाकायच्या, म्हणून इतकी वर्षं त्या क्लिपच्या वाटेला कोणी गेलं नाही.

आज प्रबुद्ध आपणहून म्हणाला, "पप्पा, ती क्लिप बसवून टाकू." ज्या पोराला बल्ब बदलायला चारदा सांगावं लागतं, तो कुणाकडून तरी रिव्हेट गन मागून घेऊन आला होता. उत्तमरावांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी वायर सैल केली, ड्रिलनं जुन्या रिव्हेटाचं डोकं उडवलं. उरलेला तुकडा मात्र दांड्याच्या पोकळीत पडला.

"राहू दे आतच," ते म्हणाले.

"नक्को पप्पा, काढा. जरा पण आवाज यायला नको."

किती मनावर घेतलंय पोरानं, असं वाटून उत्तमरावांनी सायकल उलटी धरून, हलवून हलवून, तो तुकडा चिमट्यानं भोकातून बाहेर काढला. मग नवा रिव्हेट घालून गन दाबली. टक्. क्लिप घट्ट बसली. प्रबुद्धनं सायकल गदागदा हलवून मोबाइलवर व्हिडिओ काढला. "पप्पा, जरा बाजूला व्हा," तेवढं म्हणाला.

शोभाबाई चहा घेऊन आल्या. ट्रेमध्ये चार कप होते.

"चौथा कोणाचा?" उत्तमरावांनी विचारलं. शोभाबाईंनी फाटकाकडे पाहिलं. तेवढ्यात फाटक उघडून एक अनोळखी तरुण आत आला.

"आवाज गया बोलके भाई व्हिडिओ भेजे, तो सीधा आ गया, अंकल. पक्का बैठा ना?"

उत्तमरावांनी मुलाकडे पाहिलं. प्रबुद्ध मोबाइलकडे बघत म्हणाला, "बरकतपुऱ्याला सायकलवरून पडला होतात ना, पप्पा. परत पडलात म्हणजे? आणि विचारलं असतं तर विकू दिली असती का तुम्ही?"

"विचारायचं ठरलं होतं."

"तुमच्या भल्यासाठीच केलं," शोभाबाई ट्रेकडे बघत पुटपुटल्या.

परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. इथं घरच्यांनीच केसानं गळा कापला होता, आणि वर रिव्हेट त्यांच्याच हातून मारून घेतला होता. तरुण अजून उत्तराची वाट बघत होता.

"पक्का बैठा," ते म्हणाले. खोटं कसं बोलणार?

तरुण सायकल घेऊन निघाला. बघवेना म्हणून उत्तमरावांनी पाठ फिरवली. गल्लीच्या तोंडाशी खड्डा होता, तिथं ती हमखास वाजायची. निदान आज जाताना एकदा तरी वाजेल म्हणून ते कान देऊन उभे राहिले.

आवाज आला नाही. काम त्यांनी स्वतःच चोख केलं होतं.